कुलोडनचे तीन भाऊ आणि मूर काउंटीची भावकी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई मूळच्या सांगलीच्या, लग्नानंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला स्थायिक. सासरचं आडनाव 'मॅक'ने सुरू होणारं. घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की कुलोडनच्या लढाईनंतर तीन भाऊ स्कॉटलंडमधून परागंदा झाले आणि त्यातला एक नॉर्थ कॅरोलायनात आला. सासूबाईंकडे एक जुनं कौटुंबिक बायबल आहे. त्यातली सर्वांत जुनी नोंद १७८६ ची, मूर काउंटीतल्या एका जन्माची. शिवाय इंटरनेटवर कुणीतरी चढवलेली वंशावळ सापडलीय, ती थेट चौदाव्या शतकातल्या एका क्लॅनप्रमुखाला, म्हणजे तिकडच्या घराण्याच्या म्होरक्याला, जाऊन भिडते. पुढच्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन 'आपलं गाव' बघायला जायचंय, तर ते गाव शोधायचं कसं?

मी वीसेक वर्षं हेच काम करते, आणि त्यातला बराचसा काळ नॉर्थ कॅरोलायनाच्या राजधानीत, रालीला, राज्य अर्काइव्ह्ज म्हणजे सरकारी जुन्या दप्तरात गेलाय. तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

वंशावळीचं आधी उरकून टाकू. तुम्ही पाठवलेल्या पानांत १७८६ च्या वरच्या एकाही पिढीला कागद जोडलेला नाही. आधार म्हणून दुसऱ्या कुणाची तरी वंशावळ दिलीय, तिला तिसऱ्याची. ती बाजूला ठेवा. आडनाव एक म्हणजे रक्त एक, हे तिकडेही खरं नाही. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेत, प्रमुखाच्या जमिनीवर राहणाऱ्या, त्याच्या आश्रयाला आलेल्या कुळांनी त्याचंच नाव लावलं. आपल्याकडचा प्रत्येक शिंदे ग्वाल्हेरच्या गादीचा वारस नसतो, तसंच हे. मॅक्डॉनल्ड प्रमुखांच्या शाखांमध्ये बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा आर१ए नावाचा गट सापडतो. मॅक्डॉनल्ड आडनावाच्या बहुसंख्य पुरुषांमध्ये तो नाही. यात कमीपणा काही नाही, फक्त भिंतीवर लावायला क्लॅनच्या कुलचिन्हाची ढाल घेतली असेल तर ती परत करा. स्कॉटलंडच्या कायद्यात कुलचिन्ह एका व्यक्तीचं असतं, आडनावाचं नसतं.

आता कुलोडन. लढाई झाली १६ एप्रिल १७४६ ला. १७४५ मध्ये गादीवरून घालवलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्रासाठी बंड झालं होतं, ते इथे राजाच्या फौजेने मोडलं. पकडलेल्यांपैकी नऊशेच्या वर कैद्यांना समुद्रापार पाठवण्याची शिक्षा झाली, पण त्यांची जहाजं बहुतेक वेस्ट इंडीजकडे गेली. मुख्य भूमीवर आलेल्यांतली 'जॉन्सन' आणि 'गिल्डार्ट' ही दोन जहाजं १७४७ मध्ये मेरीलँडला लागली. 'व्हेटरन' नावाचं एक जहाज तर वाटेतच फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजाने पकडलं, आणि त्यातले कैदी मार्टिनिकला नेऊन मोकळे सोडले. कॅरोलायनाची वसाहत या कैद्यांनी केलेली नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीच्या खोऱ्यात पश्चिम स्कॉटलंडच्या आर्गाइलहून साडेतीनशेच्या आसपास माणसं आली ती १७३९ मध्ये, म्हणजे कुलोडनच्या सात वर्षं आधी. शिवाय आर्गाइल हा कॅम्पबेल ड्यूकचा मुलूख, म्हणजे राजाच्या बाजूचा. खरी मोठी लाट आली १७६३ नंतर, आणि ती १७७५ पर्यंत चालली. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर पुन्हा माणसं येऊ लागली. तुमच्या सासरचा माणूस यांतल्या कोणत्या लाटेतला, हे अजून उघडं आहे. 'तीन भाऊ'ही मला अर्ध्याअधिक घरांत भेटतात. एकाच आडनावाची तीन घरं शेजारी दिसली की पुढची पिढी त्यांना भाऊ करून टाकते.

मग ही माणसं आली कशाला? याचं उत्तर त्यांच्याच तोंडून मिळतं, आणि ते मला तलवारीच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडतं. १७७३ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने बंदरांवरच्या कस्टम अधिकाऱ्यांना हुकूम दिला की देश सोडणाऱ्याचं नाव, वय, धंदा, गाव आणि जाण्याचं कारण लिहून घ्या. ही नोंद १७७६ च्या सुरुवातीपर्यंत चालली. त्याच सुमारास 'बॅचलर' नावाचं एक जहाज कॅरोलायनाला निघालं होतं, ते वादळाच्या माऱ्याने शेटलंड बेटांवर अडकलं. १७७४ च्या एप्रिलमध्ये तिथे उतारूंचे जबाब झाले. त्यात सदरलँडच्या क्लाइन पॅरिशचा (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा गट) विल्यम गॉर्डन नावाचा शेतकरी आहे, साठी उलटलेला. तो सांगतो की दोन मुलं आधीच कॅरोलायनात आहेत, त्यांनी पत्र पाठवून बोलावलंय. ज्या जमिनीचा खंड माझा आजा आठ मर्क (जुनं स्कॉटिश नाणं) द्यायचा, तिचाच मला साठ द्यावा लागला. मी म्हातारा, त्यात लंगडा, मला कुठल्या देशात मरण येतं याने काय फरक पडतो, पोराबाळांचं भलं होईल म्हणून निघालो. मी हा जबाब पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या दिवशीचं काम तिथेच थांबवलं होतं.

तुमचा माणूस या नोंदीत असेल तर नशीबच. स्कॉटलंडच्या बंदरांची वही लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये टी ४७/१२ या क्रमांकाखाली आहे, आणि तिच्या छापील नावसूच्या मिळतात. एक संध्याकाळ घालवा, नाव नसेल तर पुढे चला. एवढी एक वही सोडली तर 'कोणत्या जहाजाने आले' या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं. अमेरिकेने जहाजांकडून उतारूंच्या याद्या सक्तीने घ्यायला सुरुवात केली १८२० मध्ये. त्याआधी फिलाडेल्फियात १७२७ पासून जर्मनांच्या याद्या झाल्या, कारण ते परके होते आणि त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. स्कॉट माणूस राजाचाच प्रजाजन. तो ग्लासगोहून विल्मिंग्टनला आला म्हणजे सरकारच्या लेखी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आला. त्याची नोंद कोण करणार? तेव्हा जहाजाचा नाद सोडा.

माझं सगळं काम एका गोष्टीवर चालतं. ही माणसं एकेकटी आली नाहीत. एका खोऱ्यातली, एका जमीनदाराच्या हाताखालची, सोयरिकीने बांधलेली दहा-पंधरा घरं मिळून यायची आणि इथे एकाच ओढ्याच्या काठाला जमिनी घ्यायची. तुमच्या माणसाने आपलं गाव कुठेच लिहून ठेवलं नसेल, पण त्याच्या शेजाऱ्याने, मेहुण्याने, नाहीतर साक्षीदाराने कुठेतरी लिहिलेलं असतं. म्हणून एका माणसामागे न लागता त्याची भावकी मांडायची.

सुरुवात मूर काउंटीच्या जमिनीपासून करा. आधी एक भानगड समजून घ्या. मूर काउंटी झाली १७८४ मध्ये, कंबरलँडमधून फुटून. कंबरलँड झाली १७५४ मध्ये ब्लेडनमधून, ब्लेडन १७३४ मध्ये न्यू हॅनोव्हरमधून. म्हणजे एकच घर, तेच शेत, तोच ओढा, आणि कागद मात्र तीन-चार कचेऱ्यांत. आपल्याकडे पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, तर जुने कागद ठाण्याच्या नावानेच बघावे लागतात ना? तोच प्रकार. त्यात मूरची कोर्टाची इमारत १८८९ मध्ये जळाली आणि जमिनीची खतं गेली. अनेक जण इथेच हात टेकतात. पण सरकारने जमीन दिली त्याचे कागद, म्हणजे अर्ज, मोजणीचा नकाशा आणि सनद, काउंटीत नव्हते. ते राज्याच्या दप्तरात होते, म्हणून वाचले, आणि आज त्यांच्या प्रतिमा घरबसल्या बघता येतात.

असा एखादा मोजणीचा कागद हातात आला की काय बघायचं ते सांगते. एक वेडावाकडा चौकोन काढलेला असतो, मधून ओढा. खाली चतुःसीमा: अमुक ओढ्याच्या दक्षिणेला एका पाइनच्या झाडापासून सुरुवात, तिथून इतके पोल (मोजणीचं जुनं माप) पूर्वेला तमक्याच्या कोपऱ्यापर्यंत, वगैरे. लोक क्षेत्रफळ आणि तारीख उतरवतात आणि कागद मिटतात. तुम्ही तळाशी कोपऱ्यात बघा. तिथे दोन नावं असतात, मोजणीच्या वेळी साखळी धरणाऱ्यांची. ही कामं सरकारी शिपाई करत नसत. ज्याची जमीन त्याचाच भाऊ, मुलगा, जावई किंवा बांधाला बांध असलेला शेजारी साखळी धरायचा. मला एकदा मृत्युपत्रात, चर्चमध्ये, जनगणनेत कुठेच न सापडलेला जावई साखळीच्या टोकाला सापडला होता. चतुःसीमेतली नावं, साखळीवाले, खतावरचे साक्षीदार, मृत्युपत्राचे व्यवस्थापक ही सगळी एका वहीत मांडत जा. वीस कागद झाले की तीच ती आठ-दहा नावं पुन्हा पुन्हा येऊ लागतात. ती तुमची भावकी.

आणखी एक खूण. १७८४ पर्यंत नॉर्थ कॅरोलायनात मृत्युपत्र न करता माणूस गेला तर जमीन सगळी थोरल्या मुलाकडे जायची. त्याची वारसनोंद वगैरे काही व्हायची नाही. म्हणून एखादा माणूस जमीन विकताना दिसतो, पण त्याने ती घेतल्याचा कागद कुठेच नाही, असं झालं तर गोंधळून जाऊ नका. मागे जाऊन ती जमीन मुळात कुणाला मिळाली होती ते बघा. बाप तिथेच असण्याची शक्यता दाट.

तारखांबद्दल मी स्वतः केलेला घोळ सांगते, म्हणजे तुमचा टळेल. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका माणसाचं मृत्युपत्र होतं फेब्रुवारी १७४० चं, आणि ते मार्चच्या कोर्टात सिद्ध झालेलं. त्याच नावाच्या माणसाने नोव्हेंबर १७४० मध्ये जमीन विकलेली. मेलेला माणूस सही कशी करेल? मी ठरवलं की माणसं दोन, आणि अशिलाला तशी दोन घरं वेगळी काढून दिली. प्रत्यक्षात माणूस एकच. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे फेब्रुवारी १७४० हा नोव्हेंबर १७४० च्या नंतर येतो. आणि गंमत अशी की स्कॉटलंडने १ जानेवारीचं नवं वर्ष १६०० सालापासूनच धरलेलं. म्हणजे एकाच महिन्यात कॅरोलायनात १७४० आणि इन्व्हरनेसला १७४१. पैसे परत केले, अशील चांगले होते म्हणून पुढचं कामही मिळालं. तेव्हापासून जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक तारीख मी दोन्ही सालांनी लिहिते.

भावकी हातात आली की गावाचा माग चार ठिकाणी काढायचा. पहिलं, थडगी. कंबरलँड, मूर, रॉबसन या भागातल्या जुन्या दफनभूमींत 'स्काय बेटावर जन्म' (हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट) किंवा 'मूळ आर्गाइलशायर' असं कोरलेले दगड आहेत. बार्बेक्यू, लाँगस्ट्रीट आणि ओल्ड ब्लफ ही तीन प्रेस्बिटेरियन चर्चेस १७५८ च्या सुमारास रेव्हरंड जेम्स कॅम्पबेल यांनी उभी केली. ते गेलिकमधून प्रवचन करत. तिथून सुरुवात करा, शार्लटहून गाडीने एका दिवसात होईल. दुसरं, युद्धानंतर आलेले नातेवाईक. १७७६ च्या आधी आलेल्यांना नागरिकत्वाचा अर्ज करावा लागला नाही, पण १७९० नंतर आलेल्या चुलत भावांना करावा लागला, आणि त्यात कधीकधी जन्मस्थळ असतं. तिसरं, १८५० ची जनगणना. त्याआधीच्या जनगणनांत फक्त घरच्या कर्त्याचं नाव असायचं. १८५० मध्ये गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्माचं राज्य किंवा देश लिहिला, त्यामुळे तेव्हा जिवंत असलेली एखादी नव्वदीची आजी सापडू शकते.

चौथं ठिकाण माझं आवडतं. २७ फेब्रुवारी १७७६ ला मूर्स क्रीकच्या पुलावर केप फिअरचे हायलँडर राजाच्या बाजूने लढले आणि हरले. कुलोडननंतर त्या पराभूत राजपुत्राला पळून जायला मदत करणारी फ्लोरा मॅक्डॉनल्ड १७७४ मध्ये इथे आली होती, तिचा नवरा ॲलन याच लढाईनंतर पकडला गेला. हरलेल्यांपैकी बरेच जण पुढे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला किंवा परत ब्रिटनला गेले आणि त्यांनी नुकसानभरपाईचे दावे लावले. त्या दाव्यांत मी कुठून आलो, कोणत्या साली आलो, किती एकर, किती गुरं, सगळं सांगावं लागे, आणि शेजारी साक्षीला येत. हे कागदही क्यूलाच आहेत, एओ १२ आणि एओ १३ मध्ये. तुमचा माणूस इथेच राहिला, म्हणून त्याचा दावा नसेल. पण त्याचा शेजारी गेला असेल तर दोघांचंही गाव त्याच्या दाव्यात असू शकतं.

हे सगळं होईपर्यंत स्कॉटलंडच्या नोंदवह्यांत नाव शोधू नका. मला माहीत आहे, तुम्ही आधीच शोधलंय. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर एक बाप्तिस्मा जुळला, साल जुळलं, आईबापांची नावं सुंदर, आणि मन लगेच म्हणतं, हाच. पण स्काय बेटावरच्या बहुतेक पॅरिशांच्या वह्या १८०० च्या आगेमागे सुरू होतात. १७४० च्या दशकातला तिथला मुलगा कुठल्याच वहीत नाही. जो सापडतो तो ज्या पॅरिशची वही वाचली तिथला त्याच नावाचा दुसराच कुणी असतो. वही नसेल तिथे जमीनदारांची दप्तरं बघायची. १७४५ च्या बंडात जप्त झालेल्या इस्टेटींच्या कुळांच्या याद्या एडिंबराला आहेत. आर्गाइलच्या ड्यूकच्या जमिनीवर १७७९ मध्ये कोण कोण राहत होतं, त्याची गावनिहाय यादी छापून निघालीय. त्या यादीत तुमचा माणूस नसणार, पण त्याचे मागे राहिलेले भाऊ असतील.

नावांची फसगत मात्र लक्षात ठेवा. ही माणसं घरात गेलिक बोलायची आणि कारकून इंग्रजीत लिहायचा. गेलिकमधली 'ओइरिक' कागदावर एफी होते, कधी युफेमिया. 'रूअरी'चा रॉडरिक होतो, 'आवनघस'चा अँगस किंवा एनियस, आणि हे दोन्ही एकच माणूस. मॅक्ग्रेगर हे नाव तर १६०३ मध्ये कायद्यानेच बंद केलं होतं, मधली काही वर्षं वगळता १७७४ पर्यंत. तोवर त्यांचे लोक कॅम्पबेल, ग्रँट, ड्रमंड, मरे अशा नावांनी वावरले. बायकांचं काम मात्र सोपं होतं. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचं आडनाव चालायचं, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेर बहुतेक वेळा येतं. अमेरिकेत आल्यावर ते पुसलं जातं. म्हणून मुलांची नावं बघा: पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या, दुसरी वडिलांच्या आईच्या. आजोबांचं नाव नातवाला हे आपल्याला शिकवायला नको. पण हा रिवाज होता, कायदा नव्हता, तेव्हा त्यावरून अंदाज बांधा, निष्कर्ष काढू नका.

एक शक्यता सोडून चालणार नाही. तुमचा माणूस हायलँडचा नसेलच, अल्स्टरचा असेल. सतराव्या शतकात स्कॉटलंडहून उत्तर आयर्लंडला गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं १७१८ पासून झुंडीने अमेरिकेत आली, पेनसिल्व्हेनियात उतरली आणि व्हर्जिनियातल्या शेनन्डोआच्या खोऱ्यातून गाडीरस्त्याने कॅरोलायनात खाली सरकली. 'मॅक' त्यांच्यातही भरपूर. तुमच्या माणसाचे शेजारी कंबरलँडकडून आलेले दिसले तर हायलँड, व्हर्जिनिया-पेनसिल्व्हेनियाकडून आलेले दिसले तर अल्स्टर. अल्स्टर निघालं तर काम अवघड होतं, कारण डब्लिनचा सरकारी दप्तरखाना १९२२ मध्ये जळाला. मग बेलफास्टच्या अर्काइव्ह्जमध्ये उरलेल्या तुकड्यांवर भागवावं लागतं.

डीएनएचं विचारलंत. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा अंश लाळेच्या साध्या चाचणीत दिसेलच असं नाही. वाय गुणसूत्राची चाचणी उपयोगी, ती आडनावासारखी बापाकडून मुलाकडे जाते. म्हणून ती तुमच्या यजमानांनी किंवा सासऱ्यांनी करायची, लेकीची करून उपयोग नाही. आणि निकाल आल्यावर गाव कळेल ही अपेक्षा नको. फार तर मूर काउंटीतली ती शेजारची दोन घरं खरंच भाऊ होती का, एवढं कळेल. तेही कमी नाही.

स्कॉटलंडची तिकिटं सध्या काढू नका, निदान गावाच्या नावाने तरी नको. या उन्हाळ्यात लेकीला घेऊन रालीला या, मोजणीचे मूळ कागद बघू द्या तिला. आणि सासूबाईंच्या बायबलचे फोटो पाठवाल तेव्हा नुसत्या जन्मनोंदींच्या पानाचा नको, शीर्षकपानाचाही काढा. त्यावर छपाईचं साल असतं. बायबल समजा १८३० मध्ये छापलेलं निघालं, तर १७८६ ची ओळ आठवणीवरून किंवा आधीच्या एखाद्या वहीवरून उतरवलेली असणार, आणि मग सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या दिसतात का, हे आधी बघायला लागेल.